टाकीतलं क्लोरीन खातंय कोण?

भूगोलसरांनी इमारतीच्या टाकीची चावी मागून घेतली त्या सोमवारी बारा बिऱ्हाडांपैकी सात बिऱ्हाडांची पोटं बिघडलेली होती, आणि उरलेली पाच आपली पाळी कधी येते या धास्तीत होती. पहिल्या मजल्यावर कापड रंगवून देणाऱ्या बाई राहत. त्यांच्या सासूबाईंना तर दोन दिवस सलाईन लावावं लागलं होतं. त्यामुळे जिन्यात कोणी कोणाला भेटलं तर 'कसं काय' असं विचारत नसे, 'कितीदा' असं विचारत असे.

सर तळमजल्यावर राहायचे. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते, आणि या इमारतीत भूगोलाचं कुणाचं काही अडत नाही ही गोष्ट त्यांना आतून खुपत होती. वायरमनला जिना चढता-उतरता चार जण हाक मारतात. खंड आणि उपखंड यांतला फरक विचारायला सहा वर्षांत कोणी आलं नव्हतं. पण पाणी हा विषय निघाला आणि सरांचे कान टवकारले. पृथ्वीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाण्याने व्यापलेला आहे, तेव्हा पाण्याबद्दल बोलण्याचा पहिला अधिकार भूगोलाचा, असं त्यांनी इमारतीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. बैठकीतले तीन जण मध्येच उठून घाईघाईने घरी गेले होते. विरोध करायला फारसं कोणी उरलंच नव्हतं. ठराव पास झाला.

पाण्यात क्लोरीनची पावडर टाकायची, हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. किती टाकायची, यावर मात्र बारा बिऱ्हाडांची चौदा मतं होती. कोणी म्हणालं तुरटी फिरवा, कोणी म्हणालं टाकीत तांब्याची तार सोडा. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त कंपाउंडर राहत. आयुष्यभर दवाखान्यात बाटल्यांवर कागदी पट्ट्या चिकटवल्यामुळे औषध या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. त्यांनी डोळे मिटून सांगितलं की पावडर दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. कोणाच्या जेवणानंतर, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

सरांनी मात्र शास्त्र धरलं. टेप घेऊन ते रिकाम्या टाकीत उतरले. टाकी त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, अंगणात, जमिनीच्या आत होती. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद, सव्वा मीटर खोल. म्हणजे दहा हजार लिटर. हा गुणाकार त्यांनी टाकीच्या आतूनच मोठ्याने केला, आणि तो घुमून परत आला तेव्हा त्यांना वर्गात शिकवल्यासारखं वाटून अंगावर काटा आला. लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन हवं. पावडरमध्ये क्लोरीन असतं साधारण चौथा हिस्सा. म्हणजे दहा हजार लिटरला ऐंशी ग्रॅम पावडर. दुपारी जेवताना त्यांनी हे बायकोला चार वेळा समजावलं. काकू म्हणाल्या, "ऐंशी ग्रॅम कळलं. आता भात घ्या."

पावडर पाणीपुरवठा कार्यालयात मिळते अशी माहिती होती. ती खरी होती, फक्त अपुरी होती. पहिल्या खिडकीवर अर्ज मिळाला. अर्जात 'रोगाचे नाव' असा रकाना होता. सरांनी विचार करून 'पोट' लिहिलं. कारकून म्हणाला, पोट हा अवयव आहे. सरांनी 'पोटाचा' असं दुरुस्त केलं. मग रोग्याची समक्ष सही लागेल असं निघालं. रोगी घराबाहेर इतका वेळ काढू शकत असते तर पावडरीची गरजच नव्हती, हे सरांनी शांतपणे मांडलं. कारकुनालाही ते पटलं असावं, कारण त्याने त्यांना दुसऱ्या खिडकीवर पाठवलं.

दुसऱ्या खिडकीवरच्या माणसाने एकच प्रश्न विचारला. विहीर आहे का? पावडर फक्त विहिरींसाठी दिली जात होती. टाकीला द्यायचा नियम नव्हता.

इथे एकतीस वर्षांची तपश्चर्या कामी आली. सरांनी खिडकीच्या गजांना धरून विहिरीची व्याख्या सांगितली. जमिनीच्या पृष्ठभागाखाली, मानवाने खोदून तयार केलेला, पाणी साठवण्याचा व उपसण्याचा खड्डा. आमची टाकी जमिनीखाली आहे, मानवाने खोदली आहे, आणि पंपाने आम्ही रोज उपसतो. त्या माणसाने थोडा वेळ सरांकडे पाहिलं, मागची रांग पाहिली, आणि रजिस्टरमध्ये 'विहीर, एक' असं लिहून पावडरची पिशवी आणि पाणी तपासायची एक छोटी पेटी त्यांच्या हाती ठेवली.

पिशवी बसमधून आणताना तिचा वास असा काही सुटला की शेजारचे दोघे उठून उभे राहिले. सरांना अख्खं बाकडं मिळालं. निवृत्तीनंतर इतका मान पहिल्यांदाच मिळतोय असं त्यांना वाटलं, तेवढ्यात खाली पाहिलं तर तपकिरी पँटवर पांढरे ठिपके उमटत होते. घरी येईपर्यंत त्या पँटवर एक द्वीपसमूह तयार झाला होता. सरांना वाईट वाटलं, पण आकार ओळखीचे वाटत होते.

मंगळवारी सकाळी आठ वाजता पहिला डोस पडला. नळाचं पाणी सकाळी टाकीत येई आणि साडेनऊला पंप लावून त्यातलं अर्धं आणि संध्याकाळी उरलेलं गच्चीवरच्या टाकीत चढवलं जाई, त्याच्या आत हे काम उरकायचं होतं. सरांनी नाकाला रुमाल बांधला, बादलीत पावडर कालवली, चुना खाली बसू दिला आणि वरचं नितळ पाणी टाकीत ओतलं. मग अर्धा तास टाकीपाशी येरझाऱ्या घातल्या. साडेआठला पेटीतली काचेची नळी टाकीच्या पाण्याने भरली, त्यात औषधाचे थेंब टाकले, आणि पाणी पिवळं झालं.

फिकट, लिंबाच्या सालीसारखं पिवळं. सरांनी आयुष्यात ज्वालामुखीपासून हिमनदीपर्यंत सगळं शिकवलं होतं, पण पाहिलं त्यातलं काहीच नव्हतं. ही पहिली नैसर्गिक घटना होती जी त्यांनी सांगितली आणि त्यांच्यासमोर घडली. ते नळी घेऊन उरलेल्या अकराही घरी गेले. रंगवाल्या बाईंनी नळी उजेडात धरून व्यवसायाच्या नजरेने पाहिलं आणि रंग कच्चा आहे म्हणाल्या. कंपाउंडरांनी वास घेतला. एका घरात नळी घेऊन आलेल्या सरांना पाहून भलताच गैरसमज झाला आणि दार लावून घेण्यात आलं. सरांचा उत्साह तरीही उतरला नाही. दर अर्ध्या तासाने नळी भरायची आणि वहीत वेळ व रंग लिहायचा असं त्यांनी ठरवलं. साडेनऊ, पिवळं. दहा, पिवळं. साडेदहा, पिवळं.

अकरा वाजता नळीतलं पाणी पांढरं स्वच्छ निघालं.

सरांनी थेंब पुन्हा टाकले, नळी हलवली, आणखी दोनदा पाणी घेतलं. रंग नाही. टाकलेलं क्लोरीन गेलं होतं. चोरीला जावं तसं गेलं होतं.

बुधवारी त्यांनी दुप्पट टाकलं, एकशे साठ. साडेदहाला पिवळं, अकराला पांढरं. गुरुवारी दोनशे. तोच प्रकार. आता जिन्यात लोक त्यांना 'आज किती वाजेपर्यंत टिकलं' असं विचारू लागले. सरांनी पावडर न आणता खडूची भुकटी आणली असावी, शेवटी मास्तर माणूस, असं कोणीतरी म्हणाल्याचं त्यांच्या कानावर आलं. हे त्यांना फार लागलं. खडू त्यांनी आयुष्यभर फळ्यावर वापरला होता, पाण्यात कधी नाही. शनिवारी अडीचशे टाकूनही अकराला नळी पांढरीच. रविवारी तीनशे टाकून सर आणि काकू सकाळी नऊलाच काकूंच्या बहिणीकडे गेले. पाचला परत आल्याबरोबर चपलाही न काढता सरांनी नळी भरली, तर पाणी पिवळं. मात्रा जमली, असं त्यांनी वहीत लाल शाईने लिहिलं आणि त्या आनंदात अंगणातच काकूंशी हस्तांदोलन केलं. सोमवारी तेच तीनशे टाकलं. अकराला पांढरं.

आता दोष पावडरचाच, यात शंका उरली नाही. रविवारी पिशवीच्या कोपऱ्यातली थोडी चांगली भुकटी हाताला लागली असेल, बाकी सगळी शिळी, असं सरांनी ठरवलं. मंगळवारी कार्यालयात जाऊन लेखी तक्रार करायची. सोमवारी रात्रीच त्यांनी काकूंना बजावलं की सकाळच्या गडबडीत मी विसरलो तर तीनशेवीस ग्रॅम तू टाक. मंगळवारी ते विसरले नाहीत. तीनशेवीस टाकूनच निघाले, फक्त तसं सांगायला विसरले.

सर कोपऱ्यावर वळले आणि कंपाउंडर खाली उतरले. आदल्या दिवसाची पांढरी नळी टाकीच्या झाकणावर तशीच होती. तिच्याकडे पाहून त्यांनी निदान केलं की रोगी औषधाला दाद देत नाही, आणि पिशवीतून ओंजळभर पावडर घेऊन टाकीत सोडली. मग आणखी एक ओंजळ. दवाखान्यात डॉक्टर त्यांना कधी मात्रा ठरवू देत नसत. ती चाळीस वर्षांची हौस त्या सकाळी पाच ओंजळींत भागली. ते वर गेल्यावर काकू आल्या. हे निघून गेलेले, बादली जागेवर पालथी. नवरा विसरला असं समजून त्यांनी वजनकाटा न शोधता भाताच्या डावानेच अंदाजाने टाकली. अंदाज त्यांचा स्वयंपाकातही सढळ होता.

साडेनऊला पंप लागला आणि ते पाणी गच्चीवर चढलं.

इकडे सर कार्यालयात तिसऱ्या खिडकीसमोर उभे राहून आपण दिलेली पावडर पूर्णपणे निष्प्रभ असून तिच्यात काडीचा जोर नाही, असं स्वच्छ अक्षरात लिहून देत होते. कारकुनाने शिक्का मारला. तक्रार विहिरीची असल्यामुळे तपासनीस समक्ष येऊन विहीर पाहतील, असं त्याने सांगितलं. आपण आपल्याच हाताने विहीर खणून ठेवली आहे हे सरांना तेव्हा आठवलं. पण शिक्का बसला होता.

दुपारी ते घरी आले तेव्हा अंगणात पोहण्याच्या तलावासारखा वास होता. जिन्यात डोळे चोळणारी माणसं होती. सरांनी नळी भरली, थेंब टाकले, आणि नळीतलं पाणी पिवळं न होता लालभडक झालं. हा रंग पेटीतल्या पट्टीवर नव्हताच. सकाळपासून काय काय झालं ते त्यांना हळूहळू कळलं. सकाळची पहिली भांडी घासणाऱ्यांचे हात चरचरले होते. एका नव्या काळ्या शर्टाचा बदामी शर्ट झाला होता. पण खरा घाव पहिल्या मजल्यावर बसला होता. रंगवाल्या बाईंकडे एका नाटक मंडळीचे सोळा पडदे होते. गडद डाळिंबी रंगाचे, चार दिवस खपून रंगवलेले. सकाळी त्यांनी ते शेवटच्या पाण्यातून काढले, आणि त्या पाण्याने डाळिंबीचं काय केलं ते दोरीवर लटकत होतं. जागोजागी फिकट गुलाबी धब्बे.

बाईंनी एक पडदा आणून सरांच्या हातात दिला. सर तो धरून अंगणात उभे राहिले. कोणी ओरडलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

संध्याकाळी बैठक झाली. कंपाउंडरांनी ओंजळी कबूल केल्या, पण त्या चार होत्या असं म्हटलं. काकूंनी डाव दाखवला. तरी जबाबदारी सरांची होती आणि ती त्यांनी मान्य केली. टाक्या रिकाम्या करून धुवायच्या, पावडरचं नाव काढायचं नाही, आणि उद्या सकाळी सरांनी चावी परत करायची, असं ठरलं. त्यात आणखी एक बातमी आली. रंगवाल्या बाईंच्या सासूबाईंना पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. म्हणजे आठ दिवस एवढा खटाटोप करूनही पाणी होतं तसंच होतं.

त्या रात्री सर जेवले नाहीत. काकूंनी भात झाकून ठेवला.

सकाळी चावी द्यायला ते बाहेर पडले, तर अंगणात खांद्याला पिशवी लावलेल्या एक बाई कागद घेऊन फिरत होत्या. झाडामागे पाहत होत्या, सायकलींच्या मागे पाहत होत्या. पाणी तपासणाऱ्या बाई होत्या त्या.

"इथे विहीर कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

सरांनी टाकीकडे बोट दाखवलं. व्याख्या सुरू करायला तोंड उघडलं, पण आज जमेना. मी खोटं लिहवून घेतलं, असं ते म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं. पोटं, पावडर, ओंजळी, डाव, पडदे. बोलता बोलता माणसं जमली. रंगवाल्या बाईही जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. तपासनीस बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि वही मागितली. एकेक पान त्या सावकाश वाचत होत्या. सरांची ती वही आजवर कोणी उघडली नव्हती. वर्गात पेपर तपासणारे ते, आज आपला पेपर तपासला जाताना पाहत होते.

"हिशोब बरोबर आहे तुमचा," बाई म्हणाल्या. "पावडरही चांगली आहे. क्लोरीन असं अर्ध्या तासात हवेत जात नाही, सर. पाण्यात घाण असली की ते घाणीवर खर्च होतं. तुमच्या टाकीत रोज काहीतरी येतंय आणि ते खातंय. साडेदहा ते अकराच्या मध्ये येतंय. तेव्हा इथे काय होतं?"

कंपाउंडरांनी ती त्यांची पेपर वाचायची वेळ असल्याचं सांगितलं. सर मात्र वहीतल्या लाल शाईकडे पाहत होते. रविवार. पाच वाजता, पिवळं. मात्रा जमली. मात्रा कसली जमली होती? त्या दिवशी दिवसभर घराला कुलूप होतं.

त्यांनी हळूच मागे पाहिलं. टाकीला लागून त्यांचीच भिंत होती. भिंतीच्या वर स्वयंपाकघराची खिडकी आणि तिच्याशेजारी मोरीचा छोटा जाळीचा झरोका. रोज साडेदहाला काकू मोरीत कपडे धुवायला बसत. भांडीही तिथेच.

गप्प बसता आलं असतं. बारा मोऱ्या होत्या, बाई एकेक तपासत बसल्या असत्या. सर रंगवाल्या बाईंकडे वळले.

"थोडा रंग मिळेल का? गडद हवा. आणि तो माझ्या मोरीत टाका."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग वर जाऊन डाळिंबी रंगाची वाटी घेऊन आल्या. काकूंनी रंग मोरीत ओतला आणि वर चार बादल्या पाणी. बाहेर टाकीचं झाकण उघडलं होतं. आदल्या रात्री धुतलेली टाकी नळाच्या पाण्याने गुडघाभर भरली होती, आणि तळातली फरशी न फरशी दिसत होती. सर पोटावर आडवे झाले, हातात टॉर्च. दोन्ही बाजूंनी माणसं वाकली. तपासनीस बाई घड्याळ पाहत होत्या. एक मिनिट गेलं. तीन गेली. अंगण इतकं शांत होतं की वरच्या मजल्यावरचा पंखा ऐकू येत होता. सरांच्या मनात एकच इच्छा होती, की काही दिसू नये.

सातव्या मिनिटाला भिंतीतल्या एका बारीक भेगेतून केसाएवढी लाल रेघ बाहेर आली. ती लोंबली, जाड झाली, आणि धुरासारखी पाण्यात पसरू लागली.

"आली, आली! बघा, आली!" सर ओरडले. टॉर्च नाचवत त्यांनी कंपाउंडरांना कोपराने ढोसलं, भेग दाखवली, रेघेचा वेग मोजा म्हणून सांगितलं. तर्क मांडला होता, प्रयोग केला होता, आणि निष्कर्ष डोळ्यांसमोर वाहत होता. इतका शुद्ध आनंद त्यांना कधी झाला नव्हता. तो साधारण दहा सेकंद टिकला. मग आपण कशासाठी आनंद करतोय हे त्यांच्या लक्षात आलं. ते आडवेच राहिले. उठून कोणाकडे पाहायचं, हा प्रश्न होता.

अखेर उठले. सदऱ्याच्या पुढच्या भागावर अंगणातली धूळ होती. सगळ्यांसमोर हात जोडून ते म्हणाले, "सात घरं आजारी पडली ती माझ्या मोरीने. मी तुम्हाला रोज शुद्ध पाण्याची नळी दाखवत फिरत होतो."

रंगवाल्या बाई म्हणाल्या, "मोरी फुटली ते तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर दहा मिनिटांत सांगितलंत. आता पडदे परत रंगवायचेत, सोळा आहेत. हात लावाल का?"

सर आणि काकू तीन दिवस पहिल्या मजल्यावर खपले. सरांनी रंगाची मात्रा ग्रॅममध्ये ठरवायचा प्रयत्न केला तेव्हा बाईंनी त्यांच्या हातून वजनकाटा काढून घेतला आणि ढवळायची काठी दिली. सोळाही पडदे वेळेवर गेले. सरांचे हात कोपरापर्यंत डाळिंबी झाले, आणि तसेच हात घेऊन त्यांनी पुढच्या बैठकीत चावी टेबलावर ठेवली. कंपाउंडरांनी ती आपण सांभाळू असं सुचवलं. त्याबरोबर सगळ्या बैठकीच्या डोळ्यांसमोर ओंजळी आल्या असाव्यात, कारण चावी एकमताने आणि फार घाईने सरांच्या खिशात परत गेली. तपासनीस बाईंनी रजिस्टरमधली विहीर खोडून टाकी लिहिली. त्यासाठी सरांना एक अर्ज करावा लागला, तो दोन खिडक्यांवरून फिरला. सासूबाई घरी आल्या. पावडर पुन्हा ऐंशी ग्रॅमवर आली आणि आता संध्याकाळपर्यंत नळी पिवळी राहू लागली.

मोरी मात्र उकरावी लागली. अकरा दिवस गवंडी खणत होता, आणि अकरा दिवस सर खांद्यावर टॉवेल टाकून, हातात साबणाची डबी घेऊन रोज नव्या घरी आंघोळीला जात होते. प्रत्येक दारात त्यांना 'या, या' म्हणत, आणि प्रत्येक 'या'मध्ये थोडं हसू मिसळलेलं असे. सर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. माणसाला स्वाभिमान असतो, पण आंघोळही करावी लागते.

असेच एका सकाळी ते दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात असताना शेजारच्या इमारतीतला एक गृहस्थ धापा टाकत वर आला. त्यांच्याकडे पाच घरांत पोटं बिघडली होती. पाण्याचे जाणकार सर ते आपणच का, असं त्याने विचारलं. जाणकार हा शब्द ऐकून सरांनी टॉवेल नीट केला. आमची टाकी मोठी आहे, चला, दाखवतो, तो म्हणाला.

"टाकी नंतर बघू," सर जिना उतरायला लागत म्हणाले. "आधी मला तिच्याभोवतीच्या मोऱ्या दाखवा. आणि कोणाची निघाली तरी रागवायचं नाही, हे आत्ताच ठरवून घ्या."

वरच्या घरात गरम पाण्याची बादली भरून तयार होती. ती तशीच राहिली. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी अशा थाटात सर अंगण ओलांडून भराभर निघाले, आणि त्यांच्या मागोमाग तो गृहस्थ जवळजवळ पळत होता.